धान येईपर्यंत

२४ ऑगस्ट २०२५

काल तान्हा पोळा झाला आणि आज पाटी लावली. 'एकाग्र को-वर्किंग, नागभीड.' पाटी ठोकत असताना खालून जाणाऱ्या एका बाईने विचारलं, "इथी दवाखाना होऊन राह्यला का?" म्हटलं, नाही, ऑफिस. "कोणाचं?" म्हटलं, ज्याला हवं त्याचं. मला ताप चढला असावा अशा नजरेने बघत ती निघून गेली.

जागा म्हणजे आमचा धानाचा कोठा. स्टेशनच्या रस्त्यावर आहे, भिंती जाड आहेत. कोंडा झाडला, भिंती रंगवल्या, इंटरनेटची लाइन ओढली, टेबलं-खुर्च्या, पंखे, लाइट गेली तर बॅटरी. माझं पुण्यातलं साठवलेलं सगळं यात गेलं.

बाबांची अट एकच. "धान घरी येईपर्यंत कोठा तुझा. मग पाहू." म्हणजे दिवाळीनंतर. तोवर जागा चालताना दिसली नाही तर पोती आत आणि मी बाहेर. बाहेर म्हणजे परत पुणे, परत पेइंग गेस्टची खोली, परत नोकरीसाठी दहा ठिकाणी हसून बोलणं. मला तिकडे जायचं नाही. बाबांना हे सांगत नाही, कारण ते म्हणतील, मग नको जाऊ. त्यांच्या लेखी विषय तिथेच संपतो.

पुण्यात शेवटचं वर्ष मी बाणेरच्या एका को-वर्किंगमध्ये बसून काम केलं. सगळे कानात हेडफोन घालून. शेजारच्या मुलाचं नाव शेवटपर्यंत कळलं नाही. काम मात्र काय सुरेख व्हायचं! अगदी तसंच इथे करायचं आहे.

२९ ऑगस्ट

पहिला माणूस आला. सरफराज, मंडप-लायटिंगवाला. भावापासून वेगळा होऊन स्वतःचं सुरू केलंय. म्हणाला, "दीदी, गिऱ्हाईक फोनवर विचारते, ऑफिस कुठी आहे? मी म्हणतो, गाडीत. मंग ते फोनच ठेवून देते." त्याला टेबल नको होतं, पत्ता हवा होता. पत्त्याबरोबर टेबलही मिळतं म्हटल्यावर बसला. संध्याकाळपर्यंत जागा काही त्याने सोडली नाही.

मी माझं काम शेजारच्या टेबलावर करते. पुण्याच्या एका क्लासची वेबसाइट सांभाळते, तेवढंच सध्या हाताशी आहे.

४ सप्टेंबर

आज कमरुद्दीनचाचा मुलीला घेऊन आले. त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान आहे. मुलगी आफ्रीन लग्नपत्रिका आणि बॅनर कॉम्प्युटरवर करते. घरात तिच्या अम्मीचा शिवणाचा क्लास चालतो, खाटेवर बसून मांडीवर लॅपटॉप घ्यावा लागतो. चाचांनी पंखे बघितले, खिडकी रस्त्यावर उघडते ते बघितलं, मग दारात उभ्या बाबांना विचारलं, "गुणवंतराव, तुम्ही इथी असता ना?"

"इथीच असतो," बाबा म्हणाले.

सपशेल खोटं. बाबा सकाळी बांधावर जातात ते दुपारी येतात, आणि मग घरी पडून राहतात. पण मुलगी आली हे खरं.

९ सप्टेंबर

बाबा रोज येऊ लागलेत. दुपारी सायकल लावतात, दाराशी खुर्ची टाकतात. आधी वाटलं, बरं झालं, चाचांना दिलेला शब्द पाळतायत. पण आज बघितलं, ते छताकडे बघत होते, मग भिंतीला हात लावून ओल आहे का ते चाचपत होते. मला काय समजायचं ते समजलं. पोती कुठून कुठपर्यंत लागतील याचा अंदाज चाललाय. अजून निसवलंही नाही धान, लोंब्या पोटातच आहेत, आणि हे जागा मोजतायत. फार राग आला. रात्री ताट वाढून झाकून ठेवलं आणि झोपायला गेले. तसंही आई गेल्यापासून आम्ही एकत्र जेवतो कुठे. तिला वर्ष होऊन गेलं.

१५ सप्टेंबर

एक वादळ आलंय. नाव सोमाजी. 'पळसफूल रंगमंच' नावाची नाटक कंपनी चालवतो. झाडीपट्टीतल्या सगळ्या नाटक कंपन्यांची ऑफिसं वडशाला एका रांगेत असतात, पण याची बरीचशी गावं सिंदेवाही-तळोधीकडची, म्हणून यानं बुकिंगचं ऑफिस नागभीडला टाकायचं ठरवलं. "सिझन होईपर्यंत एक टेबल द्या बाई. मी जास्त जागा घेत नाई."

जागा घेत नाही, हे खरं. हवा सगळी घेतो. फोनवर बोलतो ते पलीकडच्या गावाला फोनशिवायही ऐकू जावं.

१९ सप्टेंबर

आज कळलं की या धंद्यात गावकरी नाटक 'ऐकून' ठरवतात. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दिवशी कोणतं नाटक आणायचं ते बघायला गावचं मंडळ येतं, गळ्यात दुपट्टे, हातात हेल्मेट. खुर्च्या ओढून गोल बसतं. मग सोमाजी अख्खं नाटक सांगतो. सासू तोच, सून तोच, खलनायक तोच. नाटकाचं नाव 'दादा, माझं कुंकू राखा'. मंडळातल्या एकाच्या तरी डोळ्यात पाणी आल्याशिवाय बुकिंग पक्कं होत नाही म्हणे.

आज पाणी आलं. मंडळाच्या नाही, बाबांच्या. मी बघतेय म्हटल्यावर म्हणाले, "कोंडा गेला डोळ्यात." कोठा धुऊन महिना झाला, कोंडा कुठून येणार?

तरी नाटक ठरलं, पण मंडळ लगेच उठेल तर शपथ. सरफराजने त्यांना मंडपाचं विचारलं, आफ्रीनने पोस्टरचं. तासभर कलकलाट. आफ्रीन म्हणते, हिरोइनचा फोटो मोठा घ्या. सोमाजी म्हणतो, तिचं अन् माझं जमत नाई, लहान घे. सरफराज दोघांसाठी चहा सांगतो. मी तिकडे क्लासच्या कामात दोनदा चुकले आणि बोलणी खाल्ली.

२३ सप्टेंबर

रोज हेच. सरफराजला आता चार गावांची कामं आहेत आणि जनरेटर कमी पडतोय. आफ्रीनने घरी सांगून बसायची वेळ वाढवून घेतली, पोस्टरं संपत नाहीत म्हणून. सगळे खूश आहेत. पण मला विचारा, ही को-वर्किंग स्पेस आहे का? हे मंडईतलं दुकान झालंय. उद्या बाहेरचा कोणी शिकलेला माणूस आत आला तर उंबऱ्यावरूनच परत जाईल. त्याच माणसासाठी मी हे सगळं उभं केलं ना?

बाबा तर आता दुपारची वाटही बघत नाहीत. बांधावरून थेट इकडेच येतात.

२६ सप्टेंबर

आला! तो माणूस आला. म्हणजे फोन आला. विनोद, नागपूरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचा मॅनेजर. त्यांची बरीच मुलं घरून काम करतात, त्यातली काही ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडची. गावात लाइटचा भरवसा नाही, तेव्हा मुलांना एका जागी बसवायचंय. टेबलं एकदम घेतील, वर्षभरासाठी. वर्षभर! म्हणजे दिवाळी, धान, सगळं पार. पुढच्या आठवड्यात जागा बघायला येणार. एकच म्हणाला, "शांतता पाहिजे मॅडम. क्लायंटचे कॉल असतात."

म्हटलं, शांतता हीच आमची ओळख आहे.

शेजारी सोमाजी सासूच्या आवाजात सुनेला घराबाहेर काढत होता. मी फोनच्या तोंडावर हात धरून बाहेर पळाले.

२९ सप्टेंबर

दारावर आणि आत तिन्ही भिंतींवर छापील सूचना लावल्या. 'कृपया शांतता राखा. आत बोलू नये. फोनवर बोलायचे असल्यास बाहेर जावे.' आफ्रीनकडूनच छापून घेतल्या. तिने अक्षर सुंदर निवडलं, पण छापताना दोनदा विचारलं, "दीदी, सच्ची में?"

मग सोमाजीशी बोलले. ओरडले नाही. नीट समजावलं की ही जागा एका पद्धतीने चालवायची आहे. मला वाटलं भांडेल. नाटकवाला माणूस, निदान एक संवाद तरी मारेल. तो म्हणाला, "बाई, तुमचं बरोबर आहे. जागा तुमची आहे. पण हळू बोलून नाटक विकल्या जात नाई." आणि भिंतीवरची पोस्टरं उतरवायला लागला.

बाबा उठले आणि त्यांनी पोस्टरं गुंडाळायला मदत केली. दोघांनी मिळून सुतळी बांधली. सोमाजी म्हणाला, "येतो भाऊ." बाबांनी गठ्ठा बाहेरपर्यंत नेऊन दिला. मला बरं वाटलं, म्हणजे तो गेलेला त्यांनाही हवाच होता.

३ ऑक्टोबर

विनोद येऊन गेला. दारात उभा राहून म्हणाला, "वा, नागभीडमध्ये असं काही असेल असं वाटलं नव्हतं." सरफराज फोन घेऊन बाहेर उन्हात उभा होता. आफ्रीन खाली मान घालून काम करत होती. पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मला बाणेर आठवलं आणि ऊर भरून आला. सोमवारपासून मुलं येणार.

कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

९ ऑक्टोबर

मुलं येतात, बसतात, कानात हेडफोन, संध्याकाळी जातात. चांगली मुलं आहेत. कोणी मान वर करत नाही. पुण्यासारखंच.

बाबा येत नाहीत. खुर्ची दाराशी तशीच आहे. बहुतेक आता त्यांची खात्री पटली की कोठा काही रिकामा होत नाही, मग येऊन करायचं काय.

१४ ऑक्टोबर

सरफराजने टेबल सोडलं. म्हणाला, सोमाजीने रेल्वे फाटकाजवळचं जुनं सायकल स्टँडचं शेड घेतलंय, तिकडे मंडळं येतात, "मंग मले तिकडंच राहा लागते दीदी. तुम्ही नाराज नका होऊ." मी कशाला नाराज होऊ? माझी टेबलं भरलेली आहेत.

आफ्रीनही चार दिवसांपासून नाही. फोन केला तर म्हणाली, अब्बा म्हणतात तिथी गुणवंतचाचा बसत नाई आता. मी म्हटलं, अगं मी आहे ना. तिने अम्मी बोलावतेय म्हणून फोन ठेवला. एवढी कमावती मुलगी, तिच्या येण्याजाण्याचा आणि बाबांच्या खुर्चीचा काय संबंध, मला कळत नाही. चार्जर इथेच विसरली आहे.

खोटं कशाला बोलू, दुपारी चहाच्या वेळेला कोणी काहीच बोललं नाही तेव्हा जरा चुकल्यासारखं वाटलं. चहा बाहेर उभी राहून एकटीनेच प्यायले.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. घरात दोघंच. आईच्या फोटोला हार घातला. बाबांनी विचारलं, "तुझी मंडळी येते ना?" म्हटलं, हो, नागपूरची मुलं येतात. "ते नाई," म्हणाले, आणि टीव्ही लावला.

२७ ऑक्टोबर

विनोदचा मेसेज. 'मॅडम, मॅनेजमेंटने सगळ्यांना नागपूर ऑफिसला बोलावलं आहे. घरून काम बंद. तुमच्या सहकार्याबद्दल आभार.' वर्षभराचं म्हणालेला माणूस. कागदावर काही नव्हतं, असा विश्वास मी कसा ठेवला?

मुलं सामान घेऊन गेली. त्यातल्या एकाने जाताना म्हटलं, "मॅडम, जागा मस्त होती." त्याचं नाव मला माहीत नव्हतं. नाव विचारायची वेळ निघून गेलेली होती, म्हणून नुसतं हो म्हटलं.

३० ऑक्टोबर

तीन दिवस एकटीच बसते. भिंतीवर 'आत बोलू नये' असं तिन्हीकडे लिहिलेलं आहे. बोलायचं म्हटलं तरी कोणाशी? फेसबुकवर जाहिरात टाकली, दोन कॉलेजांत जाऊन आले. एक जण चौकशीला आला, तो लग्नाला हॉल मिळेल का विचारत होता.

भीती वाटते. आजपर्यंत हा शब्द लिहिला नव्हता. बाहेर रस्त्याने धानाचे ट्रॅक्टर जायला लागले आहेत.

३ नोव्हेंबर

बाबा सकाळी म्हणाले, "हलकं धान चुरून झालं. परवा पोती आणतो." म्हणजे लवकरच्या धानाची मळणी झाली.

मी खूप बोलले. म्हटलं, तुम्हाला पहिल्यापासून हेच हवं होतं. रोज येऊन भिंती चाचपत होतात, मला दिसत होतं. एक महिना थांबता येत नाही का? मुलगी परत पुण्याला गेली की घर मोकळं, कोठा मोकळा.

बाबा हातातला चहाचा कप तसाच धरून उभे राहिले. मग म्हणाले, "भिंत पाहत होतो, कारण तुझ्या मशिनीले ओल लागन म्हणून. छत गळत होतं त्या कोपऱ्यात, तुले तरी मालूम होतं का? अन् धानाचं म्हणशील तं सुकलूचा कोठा मी भाद्रपदातच सांगून ठेवला होता. आपलं धान तिकडं टाकतो म्हटलं, इकडं पोरीचं माणसांनी भरलं आहे." सुकलूकाका म्हणजे बाबांचा चुलतभाऊ.

"मग टाका ना तिकडे."

"आता कशाले? माणसं तं गेली. रिकाम्या कोठ्यासाठी सुकलूले काऊन तरास देऊ?"

"हे मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगाले जागा कुठी होती बाई. तिथी तं बोलणं मना होतं. अन् घरी तू झाकून ठेवते ताट."

कप खाली ठेवून ते शेतावर गेले. मी ओट्यावर बसून राहिले. रडलेही. कोणावर रागावून रडतेय ते मात्र ठरवता येईना.

५ नोव्हेंबर

पोती आली. टेबलं मी स्वतःच एका भिंतीला लावली. हमालांनी सूचनांचे कागद फाडले नाहीत, त्यांच्यासमोर पोती रचत गेले. शेवटी एकाच कागदाचा वरचा भाग उरला, 'कृपया शांतता राखा. आत बोलू नये', बाकीचा मजकूर पोत्यांमागे. हमाल मोठमोठ्याने बोलत होते. कोठ्याला परत धानाचा वास आला. वास चांगला असतो, त्याला मी नावं ठेवणार नाही. पाटी काढून घरी खाटेखाली ठेवली.

पुण्याच्या दोन ठिकाणी अर्ज भरून पाठवले.

८ नोव्हेंबर

आज आफ्रीनचा चार्जर परत करायला फाटकाजवळच्या शेडवर गेले. खरं म्हणजे चार्जर घरी नेऊन देता आला असता.

शेड म्हणजे वर टिन आणि तीन बाजूंनी हिरवी जाळी. आत प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक लांब फळी टेबल म्हणून, सरफराजच्या मंडपाची झालर, आणि दोरीवर पोस्टरं. बाहेर दहाएक मोटारसायकली उभ्या होत्या. त्यांच्यामध्ये बाबांची सायकल.

आत कुठल्याशा गावचं मंडळ गोल बसलं होतं आणि सोमाजी नाटक सांगत होता. आफ्रीन फळीच्या टोकाला पोस्टर करत होती, तिच्या मागे एक मुलगी वाकून बघत होती, बहुतेक शिकायला आलेली. सरफराज एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने चहाचे ग्लास वाटत होता. कोणी माझ्याकडे बघितलं नाही. मी जाळीला टेकून उभी राहिले.

सोमाजी सून झाला, सासू झाला. मग थांबला आणि बाजूच्या खुर्चीकडे हात केला. बाबा उठले.

माझे बाबा. ग्रामसभेत हजर म्हणतानाही ज्यांचा आवाज निघत नाही. दुपट्टा खांद्यावर टाकून ते सुनेचा बाप झाले. माहेरी परत आलेल्या मुलीला बाप काय म्हणतो, तो प्रवेश होता. कागद नव्हता हातात, सगळं तोंडपाठ.

"घर तं तुझंच आहे बाई. तू आली, माझ्या जीवाले बरं वाटलं. पण तू येऊन बी घर मुकंच आहे. तुझ्या मायच्या मांगं इथी कोणी मले नावानं हाक नाई मारली. तू काम कर, तू मोठी हो. पण दिवसातून एकदा तरी बापासंग बोलत जा."

मंडळातला एक माणूस दुपट्ट्याने डोळे पुसू लागला. सोमाजीने त्याच्याकडे बघून मान हलवली, बुकिंग पक्कं. बाबा खाली बसले आणि तेव्हा त्यांना मी दिसले. ते ओशाळले. शाळेत पकडलेल्या मुलासारखे दुपट्टा ठीक करू लागले.

तो संवाद सोमाजीने लिहिलेला की बाबांनी मध्ये घातलेला, हे मी विचारलं नाही. विचारणारही नाही.

मंडळ उठल्यावर आफ्रीनने स्वतःची खुर्ची सरकवली आणि फळीवर हातभर जागा केली. मी म्हटलं, मला चार्जर द्यायचा होता फक्त. सरफराज म्हणाला, "लॅपटॉप तं आणला ना दीदी सोबत." आणला होता. का आणला होता, देव जाणे.

"सोमाजीभाऊ," मी म्हटलं, "मला इथे एक खुर्ची मिळेल का? क्लासचं काम आहे थोडं."

याच माणसाला मी पोस्टरं गुंडाळायला लावली होती. त्याने घसा खाकरला. वाटलं, आता येतो संवाद.

"मिळन ना बाई," तो म्हणाला. "पण इथी एक नियम आहे. चुप बसता येत नाई."

बाबांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. बसले. लॅपटॉप उघडला. सगळे आपापल्या कामाला लागले, म्हणजे बोलायला लागले. नियमाप्रमाणे मलाही काहीतरी बोलायला हवं होतं आणि काही सुचेना. शेवटी बाबांकडे वळून विचारलं, "जेवलात का?"

"नाई," बाबा म्हणाले. "तू?"